यादीतला क्रमांक आणि ड्राफ्टमधली निवड: बेसबॉल संघाची पारख कशी करावी

जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया, आटोपला की दुसऱ्याच दिवशी एक ठरावीक हिशेब मांडला जातो. संघाने २१व्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू तज्ज्ञांच्या यादीत ३८वा होता, म्हणून १७ जागांचा तोटा. पुढच्या फेरीत घेतलेला खेळाडू यादीत २० जागा वर होता, म्हणून तेवढा फायदा. पहिल्या प्रकाराला 'रीच' म्हणतात, दुसऱ्याला 'स्टील'. मग सगळ्या निवडींची बेरीज होते आणि संघाला शाळकरी प्रगतिपुस्तकासारखी एक श्रेणी दिली जाते. यादी समोर ठेवून संघाची पारख करणे हे मुळात चांगलेच काम आहे. पण ही वजाबाकी ज्या पद्धतीने केली जाते, त्या पद्धतीने ती जवळजवळ नेहमीच चुकीचे उत्तर देते. तीच तुलना जरा कष्ट घेऊन, पैशाचा आणि बाकीच्या संघांचा विचार करून कशी करावी, हे येथे सांगायचे आहे.

नियम माहीत नसताना केलेली तुलना निरर्थक ठरते, म्हणून आधी थोडे नियमांविषयी. हा ड्राफ्ट १९६५मध्ये सुरू झाला आणि पहिलाच खेळाडू होता रिक मंडे, ज्याला तेव्हाच्या कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सने निवडले. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील खेळाडू यात येतात. हायस्कूल संपवलेले, दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांतले, आणि चार वर्षांच्या कॉलेजात तिसरे वर्ष पूर्ण केलेले किंवा २१ वर्षांचे झालेले. २०२१पासून २० फेऱ्या होतात आणि त्यांत सुमारे ६१५ नावे पुकारली जातात. २०२३पासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात. पण आपल्या कामासाठी सर्वांत महत्त्वाचा नियम २०१२पासूनचा आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकाला, खेळाडूला करार करताना द्यायच्या बोनससाठी, एक ठरीव रक्कम, म्हणजे 'स्लॉट', जोडलेली असते आणि संघाच्या सर्व क्रमांकांच्या स्लॉटची बेरीज हा त्या संघाचा बोनस-निधी असतो. एखाद्या खेळाडूला त्याच्या स्लॉटपेक्षा कमी दिले, तर उरलेले पैसे दुसऱ्याला देता येतात. एकूण निधीपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जास्त खर्च केला तर वरच्या रकमेवर ७५ टक्के कर बसतो. पाच टक्के ओलांडले की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडच गमवावी लागते. २०१२ ते २०२४ या काळात एकाही संघाने ती रेषा ओलांडली नाही, यावरून संघ ती किती गांभीर्याने घेतात ते कळते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये संघ आपला वरचा क्रमांक दुसऱ्याला देऊन खालचे दोन-तीन क्रमांक घेऊ शकतो. बेसबॉलमध्ये 'कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स' नावाच्या मोजक्या निवडी सोडल्या तर क्रमांकांची देवाणघेवाण करता येत नाही. त्यामुळे एखाद्या संघाला हवा असलेला खेळाडू १५व्या जागेच्या योग्यतेचा वाटत असेल आणि संघाचा क्रमांक नववा असेल, तर मागे सरकण्याचा मार्ग त्याच्यासमोर नसतो. त्याला नवव्या क्रमांकावर घ्यायचे, कमी पैशात पटवायचे आणि वाचलेली रक्कम पुढे वापरायची, एवढाच पर्याय उरतो. यादीवाले याला 'रीच' म्हणतात. संघाच्या दृष्टीने ती मागे सरकण्याचीच एक युक्ती असते.

यादी कोणती आणि कधीची

ड्राफ्टसाठीच्या सार्वजनिक याद्यांपैकी बेसबॉल अमेरिकाची यादी ५०० नावांपर्यंत जाते, एमएलबी पाइपलाइनची २५० नावांपर्यंत. फॅनग्राफ्स, ईएसपीएनचे कायली मॅकडॅनियल आणि दि अ‍ॅथलेटिकचे कीथ लॉ यांच्या याद्याही वाचल्या जातात. पहिले काम असे, की ड्राफ्ट सुरू होण्यापूर्वी या याद्यांची शेवटची आवृत्ती स्वतःकडे उतरवून ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण ड्राफ्टनंतर काही आठवड्यांनी प्रत्येक संघाच्या उदयोन्मुख खेळाडूंची जी यादी नव्याने येते, तिच्यात त्या निवडीचा आणि दिलेल्या बोनसचा परिणाम मिसळलेला असतो. संघाने ज्याच्यावर मोठी रक्कम खर्च केली तो खेळाडू नव्या यादीत थोडा वर सरकतो, आणि मग ती यादी पाहून 'संघाचा अंदाज बरोबर होता' असे म्हणणे म्हणजे संघाचेच मत संघाला परत ऐकवणे होय.

यादी आणि 'मॉक ड्राफ्ट' यांची गल्लतही टाळावी. मॉक ड्राफ्टमध्ये कोणता संघ कोणाला घेईल याचा अंदाज असतो. यादीत खेळाडूची योग्यता मांडलेली असते. दोन्ही एकच माणूस लिहीत असला तरी प्रश्न वेगळे आहेत. एखादा खेळाडू यादीत १२वा आणि त्याच लेखकाच्या मॉक ड्राफ्टमध्ये २८वा असेल, तर त्या लेखकाच्या कानावर पैशाची मागणी, दुखापत किंवा संघांची नाराजी यांपैकी काहीतरी आलेले आहे असे समजावे.

तीन-चार याद्या एकत्र करताना सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, घ्यावा. एखाद्या खेळाडूला तीन याद्यांनी ५, ८ आणि ३१ असे क्रमांक दिले असतील, तर सरासरी १५च्या आसपास येते, म्हणजे एकाही तज्ज्ञाने न दिलेला क्रमांक. मध्यक मात्र ८ येतो. त्याचबरोबर ५ आणि ३१ यांच्यातील अंतरही वहीत टिपावे, कारण ज्या खेळाडूविषयी तज्ज्ञांतच मतभेद आहेत, त्याच्या बाबतीत संघ यादीपासून दूर गेला तर त्याला चूक म्हणता येत नाही. एक सावधगिरी येथे हवीच. याद्या दिसायला चार असल्या तरी त्या चार स्वतंत्र साक्षीदार नाहीत. लिहिणारे बहुधा त्याच स्काउट मंडळींशी, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांशी, बोलतात, तेच सामने पाहतात आणि एकमेकांच्या याद्याही वाचतात, म्हणून चारही याद्यांचे एकमत दिसते तेवढे भक्कम नसते.

क्रमांक नव्हे, मोल मोजावे

आता मुख्य मुद्दा. यादीतल्या दोन क्रमांकांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते. स्काउट खेळाडूचे गुण २० ते ८० या मापात मोजतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी आणि प्रत्येक दहा गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. या मापात पहिल्या दोन-तीन खेळाडूंचे एकूण मूल्यांकन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वर असते, त्यानंतर मात्र १२व्यापासून पंचविसाव्यापर्यंत सगळ्यांना एकच मूल्यांकन मिळालेले असू शकते. अशा वेळी १३व्या जागी यादीतला २४वा खेळाडू घेणे हा ११ जागांचा तोटा दिसतो, पण यादी करणाऱ्याच्याच मते तो तोटा शून्य असतो. ज्या याद्यांत क्रमांकाशेजारी मूल्यांकन दिलेले असते, त्यांत आधी मूल्यांकन पाहावे आणि क्रमांक नंतर.

मूल्यांकन उपलब्ध नसेल तर क्रमांकाचे मोल ठरवण्यासाठी स्लॉटची कोष्टके उत्तम उपयोगी पडतात. २०१२ची उदाहरणे घेऊ. पहिल्या क्रमांकाची ठरीव रक्कम ७२ लाख डॉलर होती, दुसऱ्याची ६२ लाख, तिसऱ्याची ५२ लाख, चौथ्याची ४२ लाख. सातव्याची ३० लाख आणि आठव्याची २९ लाख. पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरताना दहा लाख कमी होतात, सातव्यावरून आठव्यावर उतरताना एकच लाख. पुढच्या वर्षांत ही उतरण इतकी तीव्र राहिली नाही. २०२३मध्ये पहिल्याचे ९७ लाख २१ हजार होते आणि दुसऱ्याचे जवळजवळ ९० लाख. तरी आकार तोच: वर कडा, खाली सपाट माळ. म्हणून प्रत्येक निवडीसाठी दोन आकडे मांडावेत, एक संघाच्या क्रमांकाची ठरीव रक्कम आणि दुसरी खेळाडूच्या यादीतील क्रमांकाला असलेली ठरीव रक्कम, आणि वजाबाकी या दोन रकमांची करावी.

एक काल्पनिक संघ घेऊन हे करून पाहू. त्याच्याकडे ७, ४५, ८० आणि ११० हे क्रमांक आहेत आणि सोयीसाठी त्यांच्या ठरीव रकमा ६०, १९, ९ आणि ६ लाख डॉलर, एकूण ९४ लाख, अशा धरू. सातव्या क्रमांकावर संघाने यादीतील १४वा खेळाडू घेतला, ४५वर २४वा, ८०वर ७८वा आणि ११०वर यादीत नावच नसलेला एक खेळाडू. यादी २५० नावांची असल्याने त्याला २५१वा मानू. क्रमांकांची साधी वजाबाकी केली तर उणे ७, अधिक २१, अधिक २ आणि उणे १४१ येतात. बेरीज उणे १२५, म्हणजे संघाने दिवाळे काढले असेच वाटेल. आता मोल पाहू. १४व्या जागेचे ४७ लाख, २४व्याचे ३३, ७८व्याचे सुमारे ९ आणि यादीबाहेरच्याचे २ लाख धरले तर बेरीज ९१ लाख येते. ९४ लाखांच्या क्रमांकांतून यादीच्या भावाने ९१ लाखांचे खेळाडू मिळाले. उणे १२५चा सगळा गोंधळ शेवटच्या खेळाडूने केला होता, आणि शंभराच्या पुढे यादीत असणे-नसणे याला फारसे वजन नसते हे वजाबाकीला ठाऊकच नव्हते.

पैसा पाहिल्याशिवाय निवड समजत नाही

मोल काढले तरी अर्धेच काम झाले, कारण खेळाडूला प्रत्यक्षात किती दिले हे अजून हिशेबात आलेले नाही. वरच्या उदाहरणात संघाने पहिल्या खेळाडूला ६० ऐवजी ४६ लाख दिले असतील, शेवटच्याला ६ ऐवजी २ लाख, आणि वाचलेल्या १८ लाखांतून ४५व्या क्रमांकावरच्या खेळाडूला १९ ऐवजी ३५ लाख दिले असतील, तर पहिली आणि दुसरी निवड हा एकच व्यवहार आहे. पहिलीला 'रीच' म्हणून गुण कापणे आणि दुसरीला 'स्टील' म्हणून गुण देणे, हे दोन्ही एकाच वेळी चुकीचे. म्हणून निवडी एकेक करून तपासू नयेत. संघाची संपूर्ण तुकडी, म्हणजे त्या वर्षी निवडलेले सगळे खेळाडू, एका कागदावर घेऊन तपासावी. बोनसचे आकडे करार जाहीर होतात तसे जुलैच्या अखेरीपर्यंत बाहेर येतात, तोवर निकाल देण्याची घाई करू नये.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २०१२चेच आहे. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसकडे पहिला क्रमांक होता आणि बायरन बक्स्टन व मार्क अपेल यांची नावे सर्वांच्या तोंडी होती. अ‍ॅस्ट्रोसने प्वेर्तो रिकोतील हायस्कूलचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कार्लोस कोरेया याला घेतले आणि ७२ लाखांच्या जागी ४८ लाख दिले. वाचलेल्या २४ लाखांच्या बळावर ४१व्या क्रमांकावर पिचर (चेंडू फेकणारा) लान्स मॅककलर्स ज्युनिअर याला २५ लाख देऊन कॉलेजपासून वळवले, जेव्हा त्या क्रमांकाची ठरीव रक्कम साडेबारा लाखांच्या आसपास होती. शिवाय चौथ्या फेरीत रिओ रुईझ याला साडेअठरा लाख दिले. कोरेया २०१५मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि मॅककलर्सने २०१७च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्याची सुरुवात केली. रुईझ मात्र तेवढा चमकला नाही. त्या रात्री फक्त पहिल्या क्रमांकाकडे पाहून निकाल देणाऱ्याला यांतले काहीच दिसले नसते.

त्याच वर्षीचे दुसरे टोक अपेलचे. यादीत अगदी वर असलेला हा पिचर आठव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला घेतले. क्रमांकांच्या वजाबाकीत हा उत्तम 'स्टील' होता. पायरेट्सने २९ लाखांच्या जागी ३८ लाख देऊ केले, अपेलने नकार दिला आणि तो कॉलेजात परतला. करार न झालेल्या खेळाडूची ठरीव रक्कमही संघाच्या निधीतून वजा होते. भरपाई म्हणून पायरेट्सला २०१३मध्ये नववा क्रमांक मिळाला. अपेलला २०१३मध्ये अ‍ॅस्ट्रोसने पहिल्याच क्रमांकावर निवडले, आणि मेजर लीगमधला त्याचा पहिला सामना उजाडायला २०२२ साल लागले. यावरून हिशेबासाठी एक नियम काढता येतो: करारावर सही झालेली नसेल तर त्या खेळाडूचे मोल शून्य धरावे आणि भरपाईची निवड पुढच्या वर्षीच्या खात्यात लिहावी.

पायरेट्सनेच २०२१मध्ये हा धडा उलट्या बाजूने वापरला. अनेक याद्यांत मार्सेलो मेयर अव्वल होता. पायरेट्सने कॅचर हेन्री डेव्हिस याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि ८४ लाख १५ हजारांच्या जागी ६५ लाख दिले. मग ३७व्या क्रमांकावर अँथनी सोलोमेटो याला २८ लाख, ६४व्या क्रमांकावर लॉनी व्हाइट ज्युनिअर याला १५ लाख आणि ७२व्या क्रमांकावर बब्बा चँडलर याला ३० लाख दिले. चँडलर क्लेमसन विद्यापीठात बेसबॉलबरोबर फुटबॉलही खेळण्याच्या बेतात होता, तेव्हा एवढी रक्कम दिल्याशिवाय तो ७२व्या क्रमांकावर हाती लागणे शक्यच नव्हते. या तुकडीची पारख करताना 'डेव्हिस की मेयर' हा प्रश्न अपुरा आहे. 'मेयर एकटा की डेव्हिस अधिक चँडलर व इतर' असा तो विचारावा लागतो. याचे उत्तर पायरेट्सच्या बाजूनेच जाते असे मी म्हणत नाही. पहिला क्रमांक वारंवार मिळत नाही आणि यादीच्या शिखरावरचा खेळाडू सोडण्याची किंमत वरच्या कड्यावर सर्वांत जास्त असते, म्हणून अशी बचत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापेक्षा पहिल्यावर महाग पडते असे माझे मत आहे.

याच्या उलट, सगळीच बचत शहाणपणाची नसते. काही संघ सातव्या ते दहाव्या फेरीत कॉलेजचे शेवटचे वर्ष संपवलेले खेळाडू अगदी थोड्या पैशांत घेतात, कारण त्या खेळाडूंकडे परत कॉलेजात जाण्याचा पर्याय उरलेला नसतो. यादीत ते कुठेच नसतात. अशा निवडींना गुण किंवा दोष द्यायचे कारण नाही. वाचलेला पैसा कुठे गेला तेवढे मात्र शोधावे. तो कुठेच गेला नसेल आणि निधी शिल्लक राहिला असेल, तर ती खरी टीकेची जागा आहे. ११व्या फेरीपासून पुढेही पाहावे, कारण तिथे खेळाडूला ठराविक मर्यादेपर्यंत दिलेली रक्कम (२०२४मध्ये ती दीड लाख डॉलर होती) निधीत मोजली जात नाही. तिच्यावरची रक्कम मात्र मोजली जाते.

बाकीच्या २९ संघांना विसरू नये

कोणत्याही एका संघाचा हिशेब मांडला की तो बहुधा तोट्याचा निघतो. यात संघाचा दोष नसतो, ही रचनेची करामत आहे. तीस संघांच्या तीस गुप्त याद्या असतात आणि खेळाडू त्याच संघाकडे जातो ज्याला तो इतरांपेक्षा जास्त आवडलेला असतो. म्हणजे निवडणाऱ्या संघाचे मत सर्वसाधारण मतापेक्षा वर असणारच. सार्वजनिक यादी सर्वसाधारण मत सांगते, त्यामुळे जवळपास प्रत्येक संघ यादीच्या भावाने थोडा महाग खरेदी करताना दिसतो.

दुसरी करामत यादीतच दडलेली असते. तिच्यात असे कितीतरी हायस्कूल खेळाडू असतात ज्यांनी कॉलेजात जायचे जवळजवळ पक्के केलेले असते आणि त्यांची मागणी कोणालाच परवडत नाही. ते कधी पुकारलेच जात नाहीत, किंवा शेवटच्या फेऱ्यांत नावापुरते पुकारले जातात. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने दीडशेव्या क्रमांकावर यादीतला दीडशेवा खेळाडू सहसा मिळतच नाही. तोवर यादी १८० किंवा २००च्या घरात पोहोचलेली असते. यावर उपाय सोपा आहे. ज्यांचा कोणत्याच संघाशी करार झाला नाही त्यांची नावे यादीतून काढावीत आणि उरलेल्यांना पुन्हा सलग क्रमांक द्यावेत. अपेलसारखा वरचा खेळाडू करार न होता सुटला असेल तर मात्र त्याला काढू नये, त्याच्या संघाच्या खात्यात शून्य मोलाने ठेवावा. नाहीतर त्या संघाची चूक पुसली जाईल.

हे दोन बदल केल्यावर सर्व ३० संघांच्या निवडींचा हिशेब एकाच कोष्टकात मांडावा. ६०० ओळी लिहिण्याची गरज नाही; पहिल्या पाच फेऱ्या पुरेत. वरच्या काल्पनिक संघाला ९४ लाखांतून ९१ लाखांचे मोल मिळाले होते. तसेच क्रमांक असलेल्या इतर संघांना सरासरी ८८ लाखांचेच मिळाले असेल, तर हा 'तोट्यातला' संघ प्रत्यक्षात पुढे आहे. ज्या संघाकडे निवडीच कमी आहेत त्याची तुलना निधीच्या प्रमाणात करावी. टेक्सास रेंजर्सने कोरी सीगर आणि मार्कस सेमियन या बड्या खेळाडूंना बाहेरून करारबद्ध केल्याच्या मोबदल्यात २०२२मध्ये त्यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या निवडी गेल्या होत्या. त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर कुमार रॉकर याला ७५ लाख ८८ हजारांच्या जागी ५२ लाख दिले आणि चौथ्या फेरीत पिचर ब्रॉक पोर्टर याला ३७ लाख. हातात मोजक्या निवडी असताना निधी दोन खेळाडूंवर एकवटायचा, हा तो डाव होता.

यादीला न दिसणाऱ्या गोष्टी

रॉकरचेच नाव आले आहे तर थोडे मागे जाऊ. २०२१मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले होते. वैद्यकीय तपासणीनंतर मेट्सने त्याला करारच देऊ केला नाही आणि भरपाई म्हणून २०२२मध्ये ११वा क्रमांक घेतला. यादी करणाऱ्यांनी त्याला कॉलेजच्या मैदानावर पाहिले होते. त्याच्या खांद्याच्या आणि कोपराच्या प्रतिमा संघाच्या डॉक्टरांनी पाहिल्या. एखादा पिचर यादीपेक्षा बराच खाली घसरला आणि अनेक संघांनी एकामागून एक त्याला टाळले, तर ते सगळे मूर्ख आहेत असे मानण्याआधी त्यांच्याकडे आपल्याकडे नसलेला कागद असावा असे मानणे अधिक सुरक्षित. एकाच संघाने टाळले असेल तर हा युक्तिवाद लागू होत नाही, कारण मग कारण पैशाचे किंवा आवडीचेही असू शकते.

जोखमीचा प्रकारही यादीच्या एका आकड्यात मावत नाही. हायस्कूलचा पिचर आणि कॉलेजचा फलंदाज यादीत शेजारी असले तरी पहिल्याच्या वाट्याला दुखापती, लांबलेली वाढ आणि मेजर लीगपर्यंत न पोहोचण्याची शक्यता जास्त येते. सारखे मोल असलेल्या दोन तुकड्यांपैकी एकीत चार हायस्कूल पिचर असतील तर ते शेरा म्हणून लिहावे. त्यासाठी मोल कापू नये, कारण यादीने जोखीम आधीच धरली असेल तर ती दोनदा धरली जाईल.

पाच-सहा वर्षांनी पुन्हा उघडायची वही

ड्राफ्टच्या उन्हाळ्यात केलेली पारख ही खरेदीची पारख असते. खेळाडू पुढे काय झाला ही वेगळी नोंद आहे, आणि ती किमान पाच वर्षांनी करावी. तोवर हायस्कूलचे खेळाडू २३-२४ वर्षांचे होतात आणि चित्र थोडे स्पष्ट होते. या वेळी 'विन्स अबव्ह रिप्लेसमेंट' म्हणजे वॉर हा आकडा (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले त्याचा अंदाज) घेऊन त्याच क्रमांकांच्या आसपास निवडलेल्या सर्व खेळाडूंशी तुलना करावी; कोणत्या तरी एका सुटलेल्या ताऱ्याशी करू नये. २००९मध्ये माइक ट्राउट २५वा निवडला गेला. त्याच्या आधी २४ नावे पुकारली गेली होती आणि २४वे नाव एंजेल्सनेच, म्हणजे ट्राउटला घेणाऱ्याच संघाने, रँडल ग्रिचक याचे पुकारले होते. आल्बर्ट पूहोल्स १९९९मध्ये १३व्या फेरीत ४०२वा निवडला गेला. अशा नावांनी 'यादी काय कामाची' असे सिद्ध करू पाहणाऱ्यांनी १९६६चा पहिला क्रमांक स्टीव्ह चिलकॉट आणि १९९१चा पहिला क्रमांक ब्रायन टेलर यांचीही आठवण ठेवावी. दोघेही मेजर लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत, आणि चिलकॉटनंतर लगेच निवडला गेलेला खेळाडू रेजी जॅक्सन होता. एकेकट्या उदाहरणाने संघही पारखला जात नाही आणि यादीही.

या टप्प्यावर निवड आणि घडण वेगळी काढणे सर्वांत कठीण असते. जेकब डिग्रॉम २०१०मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला तेव्हा तो कॉलेजात बराच काळ शॉर्टस्टॉप म्हणून खेळलेला आणि पिचिंगला नुकताच लागलेला होता. त्याचे श्रेय निवडणाऱ्या स्काउटला किती आणि नंतर शिकवणाऱ्यांना किती, हे आकड्यांतून निघत नाही. थोडा अंदाज असा बांधता येतो: एकाच संघाच्या ओळीने पाच-सहा तुकड्या घ्याव्यात. यादीत नसलेले खेळाडू वर्षानुवर्षे अपेक्षेपेक्षा वर जात असतील आणि इतर संघांकडून देवाणघेवाणीत आलेले खेळाडूही तिथे सुधारत असतील, तर ती घडणीची ताकद समजावी. स्वतः निवडलेलेच तेवढे वर जात असतील आणि बाहेरून आलेले जागच्या जागी राहत असतील, तर त्या संघाच्या स्काउटना यादीपेक्षा जास्त दिसते, असे म्हणायला आधार मिळतो. यासाठी वहीत प्रत्येक खेळाडूपुढे संघाचा क्रमांक, ड्राफ्टपूर्वीच्या याद्यांचा मध्यक, त्यांतील मतभेदाचे अंतर, ठरीव रक्कम आणि दिलेला बोनस असे पाच रकाने पुरतात. सहावा रकाना वॉरसाठी मोकळा सोडावा, आणि त्याच्या डोक्यावर ती नोंद कोणत्या वर्षी करायची ते आजच लिहून ठेवावे.